वीस सेकंद मागे चाललेला खून: लाइव्ह गुन्ह्यावरचा लघुपट कोल्हापुरात कसा करावा

इंटरनेटवर लाइव्ह दाखवलेला खून आणि तो बघत बसलेले हजारो लोक, असा पंधरा मिनिटांचा लघुपट करायचा असेल तर कॅमेरा कुठला घ्यायचा ही चर्चा नंतर करा. आधी मोबाइलच्या पडद्यावर काय दिसणार ते पूर्ण बनवून घ्या. तसलाच पडदा प्रेक्षक दिवसभर हातात धरून असतो, त्यामुळे चूक तिथंच पकडली जाते.

कथेला ताण हवा असेल तर तो विलंबात शोधा. ‘लाइव्ह’ म्हणून जे दिसतं ते थोडं शिळं असतं. एचएलएस या इंटरनेटवर व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीत व्हिडिओचे साधारण ६-६ सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्लेअर तीनेक तुकडे साठवून मग चालू होतो. १८ सेकंद तिथंच गेली. एन्कोडिंग आणि नेटवर्क धरलं की बघणारा २० ते ३० सेकंद मागे असतो. आता बघा: उद्यमनगरातल्या बंद शेडचं शटर पोलिसांनी उचकटलंय, आणि दूर बसून तेच प्रक्षेपण बघणाऱ्या खुन्याच्या पडद्यावर शटर अजून बंद आहे. पोलिसांच्या हातात तेवढीच वीस सेकंदं. हा प्रसंग ठेवणार असाल तर खुनी व्हिडिओ कॉलवर असता कामा नये, कारण कॉलमधला विलंब सहसा सेकंदाच्या आत असतो आणि सगळा खेळ बसतो.

बघणाऱ्यांचा आकडा एडिटिंगमध्ये चिकटवू नका. एक साधं एचटीएमएल पान बनवा, इंटरनेटशिवाय लॅपटॉपवरच चालणारं. एका बटणानं आकडा वाढतो, दुसऱ्यानं वेग बदलतो, आणि तिसऱ्यानं आकडा नेमक्या ठरलेल्या जागी परत येतो. हे तिसरं बटण विसरलं की सातव्या टेकला कंटिन्यूइटीची, म्हणजे दोन शॉटमधल्या जुळणीची, वाट लागते. आकडा सरळ चढवू नका: १३, १३, १४, १२, १७, मग अचानक ६१. लोक येतात तसे जातातही. कॉमेंटही ओळीत सगळ्या भयचकित नकोत. ‘फेक हाय रं’, ‘लोकेशन टाक की भावा’, मध्येच कुणाची जुन्या बुलेटची जाहिरात. सवयीनं कुणी ‘नाद खुळा’ लिहून गेलेला असेल तर ती ओळ किंकाळीपेक्षा जास्त अंगावर येते.

पडद्यावर खरा मोबाइल नंबर दिसला तर त्या माणसाला फोन जाणारच. युनिटमधलं एखादं जादा सिम वापरा नाहीतर आकड्यांवर बोट येऊ द्या. आयपी पत्त्यासाठी (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक) २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते घ्या, ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत. संकेतस्थळाच्या नावाला ‘डॉट एक्झाम्पल’ हे शेपूटही तसंच राखीव आहे. टेक घेण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन खुनात घरच्या ग्रुपवरचं ‘शुभ सकाळ’ टपकतं.

आता चित्रीकरण. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ही सुरुवात. लॅपटॉपचा पडदा बहुधा ६० हर्ट्झवर असतो. सेटिंगमध्ये ५० मिळत असेल तर तो करा. तरीही काळे पट्टे सरकताना दिसले तर ब्राइटनेस तपासा. ब्राइटनेस उतरवला की अनेक पडद्यांचा बॅकलाइट भराभर उघडझाप करतो. ते डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून ब्राइटनेस पूर्ण ठेवा आणि पडदा फार जळत असेल तर पानाचं डिझाइनच गडद करा, पांढऱ्याऐवजी राखाडी. ओएलईडी मोबाइल मात्र पूर्ण ब्राइटनेसलाही त्रास देतात. तिथं शटर १/६० करून बघा, पण मग खोलीतली चोकवाली ट्यूब बंद करून बॅटरीवरचे एलईडी लावा, नाहीतर ट्यूबच थरथरू लागते. पडद्यावर इंद्रधनुषी लाटा उमटल्या तर तो मोआरे: पडद्याची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींत अडकली. कॅमेरा थोडा तिरका करा, किंवा फोकस केसभर मागे-पुढे घ्या.

चेहऱ्यावर पडणारा उजेड लॅपटॉपचा पुरत नाही. पडद्याच्या खालच्या कडेला हाताएवढा एलईडी पॅनल ठेवा, त्यावर बटर पेपरचे दोन थर.

पोलिसी तपशिलात कोल्हापूरचा प्रेक्षक लगेच हसतो. इथं पोलीस अधीक्षक आहेत, आयुक्तालय नाही. ‘आयुक्तांना कळवा’ हा संवाद आला की संपलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास कलम ७८ प्रमाणे निरीक्षक (पीआय) किंवा त्यावरचा अधिकारी करतो. तल्लख शिपायाला तांत्रिक काम द्या, पण कागदावर सही पीआयची. स्त्रीचं खासगी क्षणी चोरून चित्रण केल्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ७७ आहे. कथा १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहितेचं ३५४-क. खून चालू असताना पात्रानं ११२ लावायचा. १९३० हा ऑनलाइन पैसे लुटले गेल्यावरचा नंबर.

आयपी सापडला म्हणजे घर सापडलं, ही या जातीच्या सिनेमाची सगळ्यात जुनी थाप. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पुष्कळ ग्राहकांत वाटतात, म्हणून पोर्ट क्रमांक (एकाच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) आणि अचूक वेळ हातात असल्याशिवाय नाव निघत नाही. सर्व्हरच्या नोंदी बहुतेक वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. चॅटवर १९:४२ असेल तर नोंदीत १४:१२ दिसेल. हा साडेपाच तासांचा फरक विसरलेला अधिकारी चुकीच्या माणसाच्या दारात उभा राहतो, आणि तुमचं मध्यंतर तयार होतं.

फोन जप्त करताना चालू फोन बंद करत नाहीत आणि बंद फोन चालू करत नाहीत. चालू असलेला सिग्नल तोडणाऱ्या फॅराडे पिशवीत जातो. डिस्क थेट उघडत नाहीत, राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं यंत्र) लावून तिची प्रत काढतात आणि हॅश, म्हणजे त्या डेटाचा डिजिटल ठसा, नोंदवतात. पडद्यावर एसएचए-२५६ प्रकारचा हॅश लिहिणार असाल तर अक्षरं मोजून ६४ टाका. कोर्टाचा प्रसंग असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र हवं. वकिलाच्या तोंडी अजूनही जुन्या पुरावा कायद्यातलं ‘पासष्ट-बी’ येऊ द्या, सवय तशीच असते.

बळी पडलेली व्यक्ती किती दाखवायची? जवळजवळ नाहीच. तिचे कपडे, जखमा, तडफड जवळून दाखवली की तुम्हीही खून लाइव्ह दाखवणाऱ्या साइटचेच झालात. त्याऐवजी बघणारे घ्या: मिसळीची वाट बघणारा, तालमीच्या कट्ट्यावरची दोन पोरं, रंकाळ्यावर गाडीत बसलेलं कुटुंब. सहा शॉट, प्रत्येकी तीन सेकंद, पडदा एकातही दाखवायचा नाही. मोबाइल खिशात टाकून मिसळीचा कट परत मागणारा माणूस शेवटी ठेवा. खुनाची तांत्रिक जुळणीही धूसर ठेवा. यंत्र कसं चालतं हे कळल्यानं भीती वाढत नाही.

जागा म्हणून मोरेवाडीची चित्रनगरी आहेच, पण या कथेला राजारामपुरीतला भाड्याचा फ्लॅट जास्त शोभतो. सोसायटीला आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला तारीख-वेळेसह लेखी कळवा, कारण रात्री अकराला किंकाळी आली की शेजारी खरंच ११२ लावतील. खाकी घातलेला नट चहाला टपरीवर पाठवू नका. पत्र्याच्या शेडमधली दृश्यं जून ते सप्टेंबर टाळा. पत्र्यावरच्या पावसात संवाद मरतो आणि डबिंगचा खर्च वाढतो. पावसातच करावं लागलं तर प्रत्येक टेकनंतर रिकाम्या शेडचा आवाज ३० सेकंद वेगळा रेकॉर्ड करा, कारण सर बदलते आणि दोन शॉटचा पाऊस जुळत नाही.