शुगर निघाली: पथ्य की गोळी? या चुका टाळा

तासगावला मामांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. शुगर निघाल्यापासून मामा त्यावर रोज उपाशीपोटीचा आकडा पेनाने लिहायचे. १२८, १३४, १३१. ‘पथ्यावर आणली बघ, गोळीला हात लावला नाही,’ असं आल्यागेल्याला सांगायचे. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासण्या झाल्या आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ८.१ निघाली.

पहिली चूक तीच, फक्त सकाळचा आकडा धरून बसणं. मामांची खरी शुगर चढायची ती जेवणानंतर, आणि तेव्हा कधी कोणी तपासलीच नव्हती. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी बोट टोचून बघा, ताटातलं काय बाधतंय ते तिथेच कळतं. मामांनी साखर सोडली होती, पण चहा गुळाचा, तोही चार वेळा. गूळसुद्धा बहुतांशी साखरच. येता-जाता डब्यातले मूठभर बेदाणे तोंडात, कारण ‘घरचेच आहेत’. शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीन भाकरी, वर भात आणि भाजी चमचाभर, याला पथ्य म्हणता येत नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात घातक वाटते: पथ्याला मुदतच न ठेवणं. ‘बघू पथ्यानं’ म्हणता म्हणता दोन वर्षं जातात. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीए१सी त्यांच्यावरच मोजतात, म्हणून तीन महिने ही रास्त मुदत. आकडा ६.५ ते ७ च्या आसपास असेल, त्रास काही नसेल, तर डॉक्टरांशी बोलून पुढच्या तपासणीची तारीख ठरवा आणि मनापासून पथ्य करा. आकडा ९-१० असेल, वजन उतरत असेल, सारखी तहान आणि लघवी असेल, तर थांबू नका. अशा वेळी काही आठवडे इन्सुलिनही लागू शकतं.

अनेक डॉक्टर पहिल्या दिवसापासूनच मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी देतात. त्यात कमीपणा कसला? ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नुसत्या आहारावर असलेल्यांपैकी तीन वर्षांनी चौघांत एकाचाच एचबीए१सी ७ च्या खाली राहिला होता. स्वादुपिंडाची ताकद वर्षागणिक उतरते, तो माणसाचा आळस नव्हे.

आणि ‘एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही’ हेही खरं नाही. २०१७ च्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात, शुगर निघून सहा वर्षं व्हायच्या आत ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांची शुगर वर्षाअखेरीस औषधाविना आटोक्यात होती. मात्र हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून परस्पर गोळी बंद करणाऱ्यांचा आकडा सहसा पुन्हा चढतो, कारण तो नॉर्मल आला होता गोळीमुळेच.

मेटफॉर्मिनने पोट बिघडतं म्हणून कितीतरी जण आठवड्यात सोडून देतात. जेवणासोबत घ्या, त्रास राहिलाच तर डॉक्टर डोस कमी करून हळूहळू वाढवतात. वर्षानुवर्षं चालू असेल, त्यात शाकाहारी असाल, तर बी१२ जीवनसत्त्व कमी झालंय का ते तपासून घ्या.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. ग्लिमेपिराइडसारखी, उपाशीपोटीही शुगर खाली ओढणारी गोळी घ्यायची आणि एकादशीला निरंकार राहायचं, असं करू नका. उपवासाआधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शुगर ७० च्या खाली असेल, तर तिथे पथ्य आठवू नका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.