स्वतःची मतं तपासायची सवय लावताय? मग या चुका टाळा

आमच्या अभ्यासगटात नवीन पोरंपोरी येतात ती सगळी जोशात असतात, 'आम्हाला आमच्या समजुती तपासून बघायच्यात' म्हणतात, आणि काही महिन्यांनी बघावं तर समजुती जागच्या जागी, फक्त त्यांच्या बाजूने बोलायला चार नवे मुद्दे मिळालेले. त्याच त्याच चुका बघून वैताग आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हुकलेलं न मोजणं

ही सगळ्यात मोठी, त्यामुळे हिच्यावर जरा लांबड लावणार आहे.

मराठवाड्यात आमचे एक नात्यातले काका आहेत, मोसंबीची बाग आहे त्यांची. बाग सुकायला लागली की पाणाड्याला बोलवायचं हे ठरलेलं, तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरणार, नारळ उभा राहिला की तिथे खूण आणि दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी हजर. 'त्याने जागा दाखवली आणि पाणी लागलं नाही असं कधी झालंच नाही,' काका छातीठोक सांगायचे. मी एकदा त्यांना बांधावर बसवलं आणि एकेक बोअर मोजायला लावली. विहिरीजवळची? 'ती मस्त लागली.' वरच्या तुकड्यातली? 'लागली होती की, उन्हाळ्यात गेली.' रस्त्याकडेची? 'ती कोरडी गेली, पण त्या दिवशी अमावस्या होती, तो नकोच म्हणत होता.' आणि लिंबाखालची? 'तिथे पाणी होतं, गाडीवाल्याने खोल नेली नाही.' म्हणजे चारातली एक. काका खोटं बोलत नव्हते हे नीट लक्षात घ्या, त्यांना मनापासून तसंच आठवत होतं, कारण हुकलेल्या प्रत्येक बोअरला त्याच वेळी एक कारण चिकटवून ती हिशोबातून बाहेर काढलेली होती. कर्ज मात्र चारही बोअरचं होतं.

आता यातली मेख बघा. आपल्याकडे खाली बेसाल्टचा कातळ, पाणी असतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात, त्यामुळे एक बोअर लागते आणि थोड्याच अंतरावरची कोरडी जाते. म्हणजे डोळे मिटून जागा दाखवली तरी अधूनमधून पाणी लागणारच. आणि पाणाड्याने 'इथे नाही' म्हटलेल्या जागी कोणी कधी बोअर मारलीच नाही, मग तुलना करणार कशाशी? आपल्या बहुतेक पक्क्या समजुती अशाच टिकून असतात, त्यांच्या विरुद्धचा पुरावा तयारच होत नाही.

1990 मध्ये जर्मनीत कासलला पाणाड्यांची चाचणी झाली होती, जमिनीखालच्या पाइपातून पाणी वाहतंय की नाही ते ओळखायचं. चाचणी योग्य आहे हे त्यांनी आधी मान्य केलं होतं, निकाल अंदाजपंचे सांगण्याइतकाच आला, आणि नंतर कारणं निघालीच. कारणं काढण्यात माणूस कधी कमी पडत नाही, म्हणून ती आधीच बंद करायची.

माझी पद्धत साधी आहे. एक वही, त्यात तारीख, मला काय होईल असं वाटतं, दहापैकी किती खात्री, आणि काय घडलं तर मी हे मत सोडेन. पेननेच लिहायचं, मोबाइलमधलं नंतर गुपचूप बदलता येतं आणि आपण बदलतोच. काकांच्या पुढच्या बोअरआधी मी कॅलेंडरमागे त्यांच्याच हाताने लिहून घेतलं होतं, अमावस्या नाही, तीनशे फूट, पाणी लागलंच पाहिजे. कोरडी गेली. पाणाड्यावरचा विश्वास काही त्या दिवशी सुटला नाही, पण 'कधी झालंच नाही' हे वाक्य बंद झालं आणि पुढच्या वेळी आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारलं. दहाची खात्री सातवर आली, मला तेवढं खूप वाटतं. नवीन लोकांना एका बैठकीत दहावरून शून्यावर यायचं असतं, आणि तसे येणारे बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीच्या दहावर जाऊन बसतात.

फक्त 'हो' येईल असेच प्रश्न विचारणं

पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा 1960 चा प्रयोग आहे, मी गटात दर वेळी करून घेते. 2, 4, 6 हे एका नियमात बसतात, तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवून तो नियम ओळखायचा. लोक 8, 10, 12 सुचवतात, 'बसतं' म्हटलं की 20, 22, 24, आणि मग ऐटीत सांगतात, दोन-दोनने वाढणारे सम आकडे. नियम एवढाच असतो की आकडे चढते हवेत. 1, 2, 3 विचारलं असतं तरी कळलं असतं, पण 'नाही' ऐकायची तयारी ठेवून बहुतेक जण विचारतच नाहीत. गूगलवर 'अमुकचे फायदे' शोधलं की फायदेच दिसणार, तोटे पण शोधा ना.

बायसची यादी पाठ करणं

हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. बायस म्हणजे विचार करताना नकळत होणारी ठरावीक चूक. दोन व्हिडिओ बघून अशा चुकांची इंग्रजी नावं पाठ होतात आणि मग ती घरच्यांवर चालवली जातात, एका मुलाने तर दिवाळीत सगळ्यांसमोर वडिलांना 'हा तुमचा कन्फर्मेशन बायस' (म्हणजे आपल्या मताला धरून असलेलं तेवढंच दिसणं) असं सुनावलं, वडील अजून गटाचं नाव काढू देत नाहीत. पहिलं वर्षभर फक्त स्वतःची मतं तपासा, दुसऱ्याचं एकही नको.

बाकीच्या पटापट सांगते.

देव, जात, राजकारण यापासून सुरुवात करू नका. 'गार खाल्लं की मला सर्दी होते' इथून करा, निकाल लवकर कळतो आणि जीव गुंतलेला नसतो.

विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की लगेच टिपा. डार्विन हेच करायचा, कारण अशा गोष्टी डोक्यातून लवकर निसटतात हे त्याला कळलेलं होतं.

भांडण चालू असताना मत तपासायला बसू नका, तेव्हा फक्त वकिली सुचते.

आणि मत बदललं तर ज्याच्याशी त्यावरून वाद घातला होता त्याला फोन करून सांगा. मनातल्या मनात बदललेलं मत पुढच्या वादात परत जुन्या जागी गेलेलं मी खूप वेळा बघितलंय.