मुलांना साहसकथा आणि अद्भुतकथा सुचवताना या चुका टाळा

सिनेमा आवडला म्हणून लगेच त्याची जाडजूड कादंबरी मुलाच्या हातात देणं, ही चूक आमच्या वाचनालयात सतत दिसते. एक बाबा पाचवीतल्या मुलाला घेऊन आले. मुलाने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे सिनेमे पाहिलेले, म्हणून बाबांना तिन्ही भाग एकत्र असलेला ठोकळाच हवा होता. मी त्याच लेखकाचं, त्याच जगातलं आधीचं पुस्तक ‘हॉबिट’ पुढे केलं, तर म्हणाले, ‘ते लहान मुलांचं आहे हो, मोठंच द्या.’ पुस्तक परत आलं तेव्हा खूण दुसऱ्याच प्रकरणात होती, आणि मुलगा बरेच दिवस कादंबऱ्यांच्या कपाटाकडे फिरकलाच नाही. त्याचं काय चुकलं? सिनेमात अंगठी मिळते आणि धावपळ सुरू होते. पुस्तकात वाढदिवसाच्या मेजवानीनंतर 17 वर्षं उलटतात, तेव्हा कुठे त्या अंगठीचं रहस्य नायक फ्रोडोला कळतं. ‘हॉबिट’ 1937 साली मुलांसाठीच आलं. पहिल्याच प्रकरणात 13 बुटके दारात हजर होतात आणि ड्रॅगनकडे जायचा बेत ठरतो. तेच आधी द्या. ते रंगून वाचणारं मूल मोठं पुस्तक स्वतःहून मागतं. घाई मोठ्यांनाच असते.

दुसरी चूक, संचावरचे आकडे पाहून वाचायला लावणं. ‘नार्निया’ या मालिकेच्या नव्या संचांत ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर 1 आकडा असतो. प्रत्यक्षात ते 1955 साली, सहाव्या क्रमांकावर आलं. सुरुवात 1950च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’नेच करावी. कपाटातून गेलेल्या लूसीला बर्फाळ जंगलात दिव्याचा खांब दिसतो, तेव्हा मुलांनाही प्रश्न पडायला हवा की हा इथे कसा. उत्तर ‘मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये आहे; ते आधीच वाचलं असेल तर ती गंमत कायमची गेली.

‘हॅरी पॉटर’चे सातही भाग वाढदिवसाला एकदम देऊ नका. पहिल्या भागातला हॅरी 11 वर्षांचा होतो. चौथ्याच्या शेवटी शाळेतल्याच एका मुलाचा खून होतो. दुसरी-तिसरीतल्या मुलांना मी तिसऱ्या भागानंतर थांबवते.

संक्षिप्त आवृत्त्या मला अजिबात पटत नाहीत. ‘ट्रेझर आयलंड’मध्ये जिम सफरचंदांच्या पिंपात लपून चाच्यांचा कट ऐकतो, ते दोन ओळींत उरकलं तर भीती कुठून वाटणार? अख्खं पुस्तक झेपत नसेल तर वर्षभर थांबा.

‘बोध काय घेतलास?’ हा प्रश्न विचारूच नका.

मराठी वाचणाऱ्या मुलाला फक्त परदेशी नावं सुचवू नका, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पळवत नेतो.

इंटरनेटवरच्या ‘टॉप टेन’ याद्या मी बघत नाही. मुलालाच विचारते, ‘शेवटपर्यंत वाचलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?’ पालक मध्येच उत्तर देऊ लागले तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवते. मग दोन-तीन पुस्तकांची पहिली पानं वाचून दाखवते. ज्याच्यापाशी मूल म्हणतं ‘पुढे?’, त्याच पुस्तकाची नोंद करते.