नळ कोरडा पडण्याआधी पाणी भरून ठेवा

युद्ध असो वा मोठी आपत्ती, वीज गेली की पंप थांबतात आणि लवकरच नळही. म्हणून तयारीची सुरुवात पाण्यापासून करा. पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता धरून माणशी रोज 4 लिटर लागतात. चौघांना तीन दिवसांसाठी 48 लिटर, दोन आठवड्यांसाठी 224.

एकच मोठा पिंप भरू नका. तो फुटला तर सगळंच गेलं, आणि घर सोडायची वेळ आली तर उचलणार कोण? 10 लिटरचे, खाद्यपदार्थांसाठी बनवलेले झाकणबंद कॅन बरे. दुधाचे रिकामे कॅन मात्र अजिबात नकोत. कितीही घासले तरी खाचांत दुधाचा अंश उरतो आणि त्यावर जंतू पोसतात. दर 6 महिन्यांनी पाणी बदला, भरल्याची तारीख कॅनवरच लिहा.

शंका वाटणारं पाणी गाळून, एक मिनिट खळखळून उकळा. इंधन नसेल तर 5 ते 6 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं, बिनसुगंधी साधं द्रव ब्लीच लिटरला 2 थेंब टाका, ढवळा आणि 30 मिनिटं थांबा. क्लोरीनचा हलका वास यायलाच हवा. आला नाही तर पुन्हा तेवढेच थेंब, आणखी 15 मिनिटं. बाटलीतलं ब्लीच महिन्यागणिक कमजोर होत जातं, इथेच लोक फसतात. पाण्यात पेट्रोल किंवा रसायन मिसळलं असेल तर मात्र उकळूनही उपयोग नाही, ब्लीचनेही नाही. ते पिऊच नका.