गुलमर्गला निघण्याआधी बाइंडिंग घरीच बसवून बघा

रत्नागिरी-मालवणकडून स्नोबोर्डिंगसाठी बर्फावर जाणाऱ्याची खरी अडचण अशी की बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला पट्ट्यांनी अडकवणारा सांगाडा, इथे दुकानात जाऊन हाताळून बघता येत नाही. सगळं मागवायचं, म्हणून क्रम चुकवू नका: आधी बूट, मग बाइंडिंग. बोर्ड तिथे भाड्याने घेतला तरी चालतो, पण बूट स्वतःचेच असावेत असं माझं ठाम मत आहे.

जन्मभर चपला घातलेल्या आपल्या पायांचा पंजा बहुधा पसरट असतो, तेव्हा नुसती लांबी मोजून थांबू नका, रुंदीही मोजा. एकच लोकरी मोजा घालून बूट चढवा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत, आणि टाच उचलता कामा नये.

बाइंडिंगचा स्मॉल, मीडियम, लार्ज हा आकार बुटावरून ठरतो, आणि कंपनीगणिक तो बदलतो. हातात आल्यावर ओटीवर चटई टाका आणि बूट आत बसवा. टाच मागच्या कमानीत फट न राहता बसली का? घोट्याचा पट्टा बुटाच्या बरोबर मध्यावर येतो का? पट्टा शेवटच्या दातापर्यंत ओढावा लागत असेल तर आकार मोठा झाला. दोन दातही अडकत नसतील तर लहान. रॅचेट, म्हणजे पट्टा दातांवर आवळणारी कळ, जाड हातमोजे घालून उघडून बघा. उघड्या हाताने सगळ्यांनाच जमतं, पण गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर जवळपास ४,००० मीटर उंचीवर कोणी हातमोजे काढत नाही.

बाइंडिंगचा कडकपणा १ (मऊ) ते १० (कडक) असा मोजतात. शिकणाऱ्याने ३ ते ५ च्या आसपासचं घ्यावं. कडक बाइंडिंग छोटीशी चूकही लगेच बोर्डपर्यंत पोचवतं. पट्ट्याविना, दाबून अडकणारी स्टेप ऑन पद्धत सोयीची खरी, पण तिला तिचेच बूट लागतात. भाड्याचे साधे बूट तिच्यात बसत नाहीत.

बाइंडिंग बसवायची बोर्डवरची भोकं कशी आहेत ते आधी विचारून घ्या. बहुतेकांवर ४ बाय ४ किंवा २ बाय ४ सेंटिमीटरची मांडणी असते, बर्टन कंपनीच्या बऱ्याच बोर्डांवर मात्र मधोमध लांब खाच असते. बाइंडिंगच्या मधली स्क्रूची चकती, म्हणजे डिस्क, या भोकांशी जुळली नाही तर सगळी खरेदी वाया. बाइंडिंगचा कोन सुरुवातीला पुढच्या पायाला अधिक १५ आणि मागच्याला उणे १५ अंश ठेवा, म्हणजे दोन्ही पंजे थोडे बाहेर वळलेले, मग गुडघ्यांना काय मानवतं ते बघून बदला. बूट बोर्डच्या दोन्ही कडांबाहेर सारखाच यायला हवा. एका बाजूला जास्त आला तर वळताना बर्फात घासून पाडतो.

आपली खारी हवा स्क्रू आणि रॅचेटच्या दातांना सोडत नाही. परत आल्यावर बाइंडिंग बोर्डवरून काढा, पुसून पूर्ण सुकवा आणि पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. निघताना प्रत्येक स्क्रू फिरवून बघा, गंजलेला दिसला तर बदला. बरोबर चार जादा स्क्रू, एक जादा रॅचेट आणि तीन नंबरचा चौफुली स्क्रूड्रायव्हर घ्या. विमानाने जाणार असाल तर स्क्रूड्रायव्हर चेक-इनच्या बॅगेत टाका. पहिल्या दोन-तीन उतरणींनंतर सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा, तेव्हाच ते सैल होतात.