मुंबईच्या उजेडात लाइट पेंटिंग: सेकंदांचा हिशेब

लाइट पेंटिंग म्हणजे कॅमेऱ्याचं शटर (उजेड आत सोडणारा पडदा) काही सेकंद उघडं ठेवून टॉर्चने हवेत रेघा काढायच्या किंवा माणूस, वस्तू उजळायची. त्याला अंधार लागतो आणि मुंबईत नेमका तोच मिळत नाही. रात्री बारा वाजता गच्चीवर गेलात तरी आभाळ काळं नसतं, विटकरी-राखाडी असतं. समोरच्या टॉवरचे जिने रात्रभर उजळलेले, खाली रस्त्याचे दिवे, लांबवर एखादं होर्डिंग. व्हिडिओत लोक वाळवंटात कॅमेरा लावून पाच-पाच मिनिटं शटर उघडं ठेवतात. तेच इथे करून बघा, पांढराफटक फोटो मिळेल. म्हणून कोणी शिकायला आलं की टॉर्च कुठली घेऊ या प्रश्नाला मी बगल देते. आधी उजेड मोजायला शिका.

त्यामागचं गणित एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. शटर उघडं असेपर्यंत मागचं दृश्य उजळत राहतं. दुप्पट सेकंद, दुप्पट उजेड. टॉर्चने हवेत काढलेल्या रेघेचं तसं नाही. टॉर्चचा ठिपका सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागाच्या, एका जागेवरून क्षणात पुढे सरकतो, त्यामुळे रेघ किती ठळक येणार ते अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं आहे ते, आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय ते, आणि तुमचा हात किती वेगाने फिरतो यावर ठरतं. शटर दहा सेकंद उघडं असो की तीस, रेघ तेवढीच. मागची इमारत फार उजळतेय? सेकंद कमी करा. रेघ फिकी येतेय? हात सावकाश फिरवा. सगळ्या कामाचा गाभा एवढाच.

मोजण्याची पद्धतही सोपी आहे. ट्रायपॉड लावा, आयएसओ ६४०० करा आणि टॉर्च न लावता एक सेकंदाचा फोटो काढा. अ‍ॅपर्चर तेच ठेवून आयएसओ १०० वर ६४ सेकंद दिले तर उजेड तितकाच मिळतो. म्हणजे मिनिटभराचा निकाल एका सेकंदात हाती आला. फोटो जास्त उजळ आला तर ६४ चे ३२ करा, ३२ चे १६. माझ्या गच्चीवर आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि पंधरा सेकंदांच्या आसपास गाडी थांबते. तुमच्याकडचा आकडा वेगळा निघेल. तो वहीत लिहून ठेवा, शेजारी वेळ आणि आभाळ ढगाळ होतं का तेही. ढग असले की शहराचा उजेड त्यांच्यावर आपटून परत खाली येतो, आणि कालचा आकडा आज चालत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगते. मॅन्युअल मोड असलेला कोणताही कॅमेरा चालेल, प्रो मोडचा मोबाइलसुद्धा. ट्रायपॉड मात्र डुगडुगता नको. शटर बोटाने दाबू नका. रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका धक्का सावरणारी सोय) बंद ठेवा. साधी टॉर्च, रंगीत जिलेटिन पेपर आणि टॉर्चच्या तोंडावर बसेल अशी काळ्या कार्डशीटची नळी, एवढ्यात पहिले काही महिने आरामात निघतात. एलईडी पट्ट्यांसाठी लोहार चाळीत, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारा, पण घेण्याआधी पट्टी मंद करून मोबाइलच्या लाँग एक्स्पोजरमध्ये हलवून बघा. स्वस्त डिमर दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात. डोळ्यांना ते दिसत नाही, फोटोत मात्र सलग रेघेऐवजी ठिपक्यांची रांग येते. मुद्दाम हवी असेल तर छानच, नको असेल तर दुकानातच परत करा.

हा प्रकार नवा नाही. १९१४ च्या सुमाराला अमेरिकेत गिलब्रेथ पती-पत्नी कामगारांच्या हाताला छोटे दिवे बांधून फोटो काढत. कलेशी त्यांना देणंघेणं नव्हतं, कामात हात किती वायफळ फिरतात ते मोजायचं होतं. पुढे १९४९ मध्ये फ्रान्समध्ये छायाचित्रकार जॉन मिली यांनी पिकासोच्या हातात छोटा दिवा दिला आणि त्याने अंधारात काढलेली चित्रं फोटोत पकडली. हे फोटो जरूर शोधून बघा. रेघा तर बघाच, पण पिकासो स्वतः त्यात किती स्पष्ट दिसतो तेही बघा. माणूस आणि रेघ एकाच फोटोत स्पष्ट आणणं हेच खरं अवघड काम आहे.

म्हणजे प्रश्न मॉडेलचा. पंधरा सेकंद न हलता उभं राहणं किती कठीण आहे ते आधी आरशासमोर स्वतः करून बघा. उभ्या माणसाचं डोकं झुलतंच. त्यामुळे सुरुवातीला मॉडेलला बसवा, किंवा पाठ भिंतीला टेकवू द्या. गच्चीवरची पाण्याची टाकी यासाठी उत्तम: टेकायला भिंत आणि मागे काळोख. फोकससाठी तिच्या डोळ्यांवर टॉर्च मारून ऑटोफोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात लेन्स पुढे-मागे शोधत बसते.

दुसरा उपाय फ्लॅशचा. शटर उघडल्याबरोबर तिच्यावर एकदा फ्लॅश मारायचा. फ्लॅश इतका क्षणिक असतो की तिचा चेहरा तिथेच गोठतो. मागे पूर्ण काळोख असेल तर त्यानंतर तिने गाल खाजवला, ती हसली, अगदी फ्रेमबाहेर गेली तरी चालतं. पण मागे उजेड असेल तर हा उपाय अंगाशी येतो. वांद्र्याच्या किल्ल्यावरून सी लिंक मागे घेऊन फोटो काढताय असं समजा. फ्लॅशनंतर मॉडेल हातभर जरी सरकली, तरी तिच्यामागचे दिवे उरलेल्या सेकंदांत तिच्या गालावर उमटतात आणि चेहरा आरपार दिसायला लागतो. अशा जागी सेकंद कमी करायचे, तिला टेकून बसवायचं आणि तिच्या डोक्यामागे पुलाचा उजळ भाग येणार नाही अशी जागा निवडायची.

चेहऱ्यावर टॉर्च कॅमेऱ्याच्या बाजूने मारू नका. ओळखपत्राचा फोटो येतो. बाजूने, थोडं वरून, आणि हात सतत हलता ठेवून. एका जागी थांबलात की तिथे डाग. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात आपल्याकडचा सावळा रंग राखाडी दिसतो, म्हणून पुढे फिकट केशरी जिलेटिन लावा. पेंटिंग करणाऱ्याचे कपडे काळे आणि लांब बाह्यांचे हवेत. मॉडेलच्या कपड्यांबद्दल माझं मत ठाम आहे: जरीचा काठ. टॉर्च तिरकी फिरली की काठ एकटा चमकतो आणि बाकीची साडी अंधारात राहते.

अक्षरं काढायची हौस प्रत्येकाला येते. कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलंत की फोटोत अक्षरं उलटी येतात. नंतर फोटो आडवा उलटवता येतो, पण मग सी लिंकही उलटा होतो आणि मुंबईकर ते लगेच पकडतो. त्यापेक्षा उलटं लिहिण्याचा सराव बरा. देवनागरीत एक सोय आहे: अक्षरं आधी लटकती काढायची, प्रत्येकानंतर टॉर्चचं बटण सोडायचं, आणि शेवटी कपाळाच्या उंचीवरून एकाच दमात शिरोरेषा ओढायची. अक्षरं थोडी वरखाली झाली असतील तर ती रेघ सगळं सांभाळून घेते. जोडाक्षरं मात्र सुरुवातीला टाळा.

आता बाहेर. मोबाइलवर दिवसभर फोटो काढा, कोणी विचारत नाही. ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजते. रेल्वे स्थानकं, विमानतळ आणि नौदलाच्या हद्दीजवळ विनापरवानगी प्रयोगच नको. मढचा किल्ला लांबून सुंदर दिसतो, पण तो भाग हवाई दलाच्या ताब्यात आहे. व्यावसायिक शूट असेल तर परवानगी रीतसर काढा. सरावासाठी आपल्या सोसायटीची गच्ची सर्वांत बरी, पण तिथेही वॉचमनचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, सेक्रेटरींना विचारलंय का?" विचारून ठेवा. अंधारात गच्चीवर फिरणारे दिवे बघून समोरच्या बिल्डिंगमधून फोन येतात.

संध्याकाळचा निळा उजेड हवा असेल तर सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं तुमची. मुंबईत सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. मेकअप आणि ट्रायल फ्रेम त्याआधी उरकलेली हवी. समुद्रकिनारी भरतीची वेळ बघूनच जा आणि खडकांवर मॉडेलला उभं करायचा मोह आवरा. पावसाळ्यात ओल्या लादीवर रेघांचं प्रतिबिंब अप्रतिम मिळतं, पण एसीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं. बॅग अर्धा तास बंदच राहू द्या. घरी सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डबा ठेवा; या शहरात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

पेटत्या स्टीलवूलच्या ठिणग्यांचे फोटो सगळ्यांना करायचे असतात. मॉडेलसोबत मी ते करत नाही आणि शिकवतही नाही. आरेसारख्या ठिकाणी सुक्या गवतात तर तो शुद्ध बेजबाबदारपणा आहे. ठिणग्या हव्यातच तर फुलबाजी घ्या, अंगावर सुती कपडे, पायात बूट आणि शेजारी पाण्याची बादली.

यातून पैसे मिळतात का? नुसत्या लाइट पेंटिंगला कोणी बोलावत नाही. पण अंधाऱ्या स्टुडिओत गाडी किंवा दागिना टॉर्चने रंगवून फोटो काढण्याची पद्धत जाहिरातीत मुरलेली आहे, आणि ज्याला सेकंदांचा हिशेब येतो तो असिस्टंट तिथे टिकतो. पोर्टफोलिओत मात्र असे दोन-तीनच फोटो ठेवा, बाकी साधे पोर्ट्रेट. रेघांच्या आड चेहरा लपवलाय का, हे बघणाऱ्याला चटकन कळतं.

सुरुवातीला मॉडेलसोबत काम बहुतेक कोलॅबवर चालतं, दोघांनाही फोटो आणि कोणालाच पैसे नाहीत. तेव्हा सगळं आधीच लिहून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना: फोटो कुठे टाकणार, कुठे नाही, किती दिवसांत देणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एरवी हक्क फोटो काढणाऱ्याचा, पण कोणी पैसे मोजून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर हक्क त्याचा होतो. मॉडेल अठराच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती आणि शूटवर हजेरी, दोन्ही हवंच. रात्रीच्या कामाला ती मैत्रिणीला किंवा भावाला घेऊन येते म्हणाली तर आनंदाने हो म्हणा. टॉर्च धरायला तिसरा हात मिळतो. काम शेवटच्या लोकलच्या तासभर आधी थांबवा. आणि ठरलेले फोटो तिला ठरलेल्या दिवशी, पूर्ण साइझमध्ये, वॉटरमार्क न टाकता पाठवा. पुढची मॉडेल तुमच्याबद्दल तिलाच विचारणार आहे.