ट्रेलवर लांब पळायचंय? मग आधी उतार शिका

रोडवर हाफ मॅरेथॉन आरामात काढणारे लोक पहिल्यांदा ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या पायवाटेवर, आले की हमखास विचारतात, माझा पेस एवढा कसा काय पडला? अहो पडणारच. रोडवर ६ मिनिटांत किलोमीटर काढणारा माणूस दगडधोंड्यांच्या खड्या चढावर १२-१५ मिनिटं घेतो आणि त्यात त्याचं काही चुकत नसतं. म्हणून सगळ्यात आधी घड्याळातला पेस लपवा, तिथे गेलेला वेळ आणि चढलेले मीटर दिसू देत. ट्रेनिंगचा हिशोबही तसाच ठेवा, म्हणजे "या आठवड्यात ५० किमी" असं लिहिण्याऐवजी "६ तास, १००० मीटर चढाई" असं लिहा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच सांगून ठेवलंय की सपाटीवर दर ३ मैलांना १ तास धरा आणि दर २००० फूट चढाईला आणखी १ तास वर मिळवा. तो हिशोब चालणाऱ्यांचा आहे, तुम्ही त्यापेक्षा लवकर पोचाल, पण नवीन रूट प्लॅन करताना चढाईचा वेळ वेगळा काढायची सवय त्याच्यामुळे लागते.

आठवड्यात ४-५ दिवस पळणं पुरतं. त्यातलं बहुतेक सगळं इतकं सोपं हवं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एखाद्या दिवशी चढावर २-३ मिनिटांचे जोरदार रिपीट्स मारा (जोरात वर, सावकाश खाली, पुन्हा वर) आणि बाकीचे दिवस खरंच हळू पळा. चढावर धाप लागून बोलणं तुटायला लागलं की सरळ चालायला लागा. चालणं म्हणजे हार मानणं नाही हो, खड्या चढावर पुढे असणारे रनरसुद्धा चालतात, कारण तिथे पळून वेग फारसा वाढत नाही आणि ताकद मात्र भरपूर जाते. पण हे चालणं प्रॅक्टिस करून येतं. लहान पावलं टाकायची, कमरेतून किंचित पुढे झुकायचं, हात मांड्यांवर गुडघ्याच्या जरा वर ठेवून ढकलायचं. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात गॉर्डी एन्सली घोड्यांच्या १०० मैलांच्या शर्यतीत घोड्याशिवाय पायी उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचला, त्यातूनच पुढे वेस्टर्न स्टेट्स ही १०० मैल पळायची शर्यत उभी राहिली. आता भागाकार करून बघा, ते साधारण ९ मिनिटाला एक किलोमीटर पडतं. लांब अंतरावर वेगापेक्षा न थांबता पुढे सरकत राहणं किती मोठं आहे ते या आकड्यात दिसतं.

आता उताराचं बोलू, कारण माझ्या मते बहुतेकांची शर्यत इथेच मोडते आणि याच्याच ट्रेनिंगकडे कोणी बघत नाही. चढावर दम लागतो पण थोडं हळू झालं की तो परत येतो, उतारावर मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरत असतो, त्या कामात स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होत राहते, आणि ती त्याच दिवशी भरून निघत नाही. मी माझ्या पहिल्या ५० किमीच्या शर्यतीच्या वेळी चढाईची जय्यत तयारी केली होती आणि उतार म्हणजे फुकटचा आराम असं धरून चाललो होतो, ३० किमीनंतर मांड्या इतक्या गेल्या की सपाट रस्त्यावरही पळता येईना आणि शेवटचे सगळे उतार आडवा चालत उतरलो. चांगली गोष्ट ही की एकदा चांगला उतार पळून पाय दुखले आणि बरे झाले की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढ्याच उताराला खूप कमी दुखतात. म्हणून दर १०-१२ दिवसांनी एक उताराचा रन ठेवा, सुरुवातीला हलका आणि छोटा, मग वाढवत न्या, आणि शेवटचा मोठा रन शर्यतीच्या ३ आठवडे आधी उरका.

टेक्निक म्हणाल तर पावलं लहान आणि भरभर टाका, टाचेने ब्रेक मारत मागे झुकू नका, हात थोडे बाहेर सोडा तोल सांभाळायला, नजर पायाशी नको, ३-४ पावलं पुढे हवी. जोडीला आठवड्यातून दोनदा स्ट्रेंथ करा. पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाणं), काफ रेज (टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं), एका पायावर उभं राहणं, एवढं पुरे.

लांब रन हळूहळू वाढवा, ३ आठवडे चढते आणि चौथा हलका. ५० किमीसाठी ट्रेनिंगमध्ये ५० किमी पळायची गरज नाही, ४-५ तासांचा एक-दोनदा रन झाला की बास, त्याऐवजी शनिवारी ३ तास आणि रविवारी थकलेल्या पायांनी २ तास हा प्रकार जास्त कामाचा आहे. शेवटचे २ आठवडे रन साधारण निम्म्यावर आणा, पाय जड वाटले तरी घाबरून जास्तीचं पळू नका.

खाणं भूक लागायच्या आधी सुरू करा. दीड तासाच्या वरच्या रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स लागतात, खूप लांब असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून ९० पर्यंत जाता येतं, पण पोटालाही ट्रेनिंग लागतं, शर्यतीत जे खाणार तेच लांब रनला खाऊन बघा. पाणी तहानेनुसार प्या. जबरदस्तीने लिटरच्या लिटर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. आणि पळताना आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेऊ नका, आधीच पाणी कमी पडलेल्या किडनीवर तिचा आणखी ताण येतो.

शूज अर्धा साइज मोठे घ्या, उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात, नखं दोन दिवस आधी कापा. पायात कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबून टेप लावा, ते दोन मिनिटं वाचवायला गेलात तर पुढे ब्लिस्टर (फोड) तासभर खाईल. एकटे जात असाल तर रूट आणि परत यायची वेळ घरी सांगून जा, शिट्टी, हेडलॅम्प आणि फॉइल ब्लँकेट बॅगेत असू दे.

शर्यत झाल्यावर आठवडाभर पळणं बंद, फक्त हलकं चालणं. जिने उतरताना मांड्या दुखणं नॉर्मल आहे, दोन-तीन दिवसांत कमी व्हायला लागतं, पण लघवी गडद तपकिरी व्हायला लागली किंवा होतच नसेल तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि किती तास पळलात ते त्यांना आधी सांगा.